मुखेडहून उत्तर कोरियाची चौकशी

५ जानेवारी, रविवार

आरतीने लॅपटॉप आणून दिला. लातूरच्या क्लासमध्ये ती बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, पगार बरा आहे, पण बापासाठी एवढा खर्च कशाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पप्पा, रिटायर झाल्यापासून तुम्ही लोकांच्या घरच्या चौकश्या करत फिरता. त्यापेक्षा हे करा. उत्तर कोरिया म्हणून देश आहे, आत काय चाललंय ते कुणाला कळू देत नाही. जगभरातले हौशी लोक उपग्रहाचे फोटो बघून त्याचा नकाशा करतात. तुमच्यासारखा माणूस त्यांना पाहिजेच."

'तुमच्यासारखा माणूस' हे मला पटलं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली खरी, पण पंचक्रोशीत माझं नाव आहे ते सोयरिकीआधीच्या चौकशीसाठी. मुलाचं घर बघायला वैजनाथराव गेले म्हटलं की मुलीकडचे निवांत झोपतात. मी दारातून आत जाण्याआधी उकिरडा बघतो. उकिरडा मोठा असेल तर सांगितलेली जनावरं खरी. मग उंबऱ्याशी चपला, दोरीवरचे कपडे, माठातल्या पाण्याची चव. न्हाव्याकडे सगळ्यात शेवटी जायचं, कारण तो बोलायला लागला की बस चुकते.

आरतीला आलेली स्थळंही मीच तपासली आणि मीच नाकारली. अहमदपूरच्या घरी माठातून पाणी काढायला ओगराळं नव्हतं, सगळे हात बुडवत होते. देगलूरच्या मुलाचे बूट इतके चकचकीत होते की हा दिवसभर चालतो तरी कुठे, असा प्रश्न पडला. पोरगी एकच आहे. घाई कशाला करायची?

केवळा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "आता त्या कोरियाच्या मागं लागा. आमच्या मागचं तरी सुटंल." दोघी मायलेकी हसल्या. घरात हसणं असलं की बरं वाटतं.

ता. क. निळी प्लास्टिकची खुर्ची गच्चीवर कोण नेऊन ठेवतं? दर रविवारी मलाच उतरवून आणावी लागते.

९ जानेवारी, गुरुवार

कामाला सुरुवात केली. गटाचा प्रमुख मार्टिन नावाचा माणूस आहे, कुठल्याशा थंड देशात राहतो. तो लिहितो ते फोन मराठी करून देतो, मी लिहितो ते फोन त्याच्या भाषेत करतो. पद्धत अशी, की वरून काढलेला फोटो बघायचा, त्या देशाच्या वर्तमानपत्रात आलेली छायाचित्रं बघायची, सावल्या जुळवायच्या आणि इमारत कसली ते ठरवायचं. यात मला नवीन काही वाटलं नाही. घर काय आणि देश काय, लपवणारा सगळं लपवतो, दोरीवरचे कपडे लपवायचं विसरतो.

आज एक मोठा शोध लावला. लांबच लांब पत्र्याची शेड, शेजारी मोकळं मैदान. मी कळवलं, "हा बस डेपो आहे. एकही गाडी बाहेर पडलेली दिसत नाही. डिझेल नाही किंवा संप आहे." मार्टिनचं उत्तर आलं की त्या कोंबड्यांच्या शेड आहेत. मी मान्य केलं नाही. नोकरीभर डेपो बघितले आहेत.

१२ जानेवारी, रविवार

आरती आली आहे. माझ्या कामात तिला फार रस आहे. आल्या आल्या विचारलं, "पप्पा, आज कंप्युटरवर किती वेळ बसणार?" मी म्हटलं, जेवणापर्यंत. "नक्की ना?" म्हणाली. एवढी काळजी घेणारी पोरगी सगळ्यांच्या नशिबी नसते.

खुर्ची पुन्हा गच्चीवर. माकडं असावीत.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचा तिळगूळ म्हणून मार्टिनला तिळाच्या लाडूचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, हा कुठला भूभाग आहे?

पुढे त्याने जे लिहिलं ते मी इथे मुद्दाम उतरवून ठेवतो. "जपून राहा. आपण त्यांना बघतो, तसे कधीतरी तेही आपल्याला बघत असतील." शेवटी हसणारा चेहरा होता. इतक्या गंभीर गोष्टीवर हसायला मुरलेला माणूस लागतो. मी मात्र पुढचं दार आतून लावून घेतलं.

२१ जानेवारी, मंगळवार

ते आले.

दाढी करायला बालाजीकडे गेलो, तर तो वस्तरा हातात धरून म्हणाला, "काका, काल एक माणूस आलता. सफारी घातलेला. तुमचंच विचारून राहिला. घर सोताचं का भाड्याचं, दारू-बिरू घेता का, काकू सोभावानं कशा हायत, ताई लातूरला काय करती."

"तू काय सांगितलं?"

"मी म्हणलं, गिऱ्हाईक हाय, मग या. पर काका, त्यो माणूस गेला आन दुकानातले समदे शिंकायला लागले. मी शिंकलो, खुर्चीतला गिऱ्हाईक शिंकला. थोडक्यात कान वाचला त्याचा."

मी घरी येऊन शांतपणे विचार केला. प्रश्न सगळे सोयरिकीच्या चौकशीचे आहेत. म्हणजे सोंग उत्तम घेतलं आहे, या भागात कोण कशासाठी काय विचारतं याचा अभ्यास केलेला दिसतो. पण एक चूक केलीच. सगळ्यात आधी न्हाव्याकडे गेला. खरा माणूस आधी उकिरडा बघतो. मग लक्षात आलं की आमच्याकडे उकिरडा नाही, नगरपरिषदेची घंटागाडी येते. हा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवला आहे.

शिवाय घरात सध्या एकही स्थळ चालू नाही. असतं तर मला कळलंच असतं. शिंकांचं प्रकरण वेगळं, ते रासायनिक असणार.

२२ जानेवारी, बुधवार

संरक्षणाची व्यवस्था केली. शत्रूला वाटलं पाहिजे की हा माणूस निकामी आहे, याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याप्रमाणे एक निवेदन तयार केलं आणि बालाजीकडून, मग स्टँडवरच्या चहावाल्या पंढरीकडून घोकून घेतलं. "वैजनाथराव? हाव, राहत व्हते. आता डोक्यावर परिणाम झालाय. घर इकलं. कुणाला वळखत न्हाईत. त्यांच्या नादी लागू नका." कोणीही विचारलं तरी एवढंच, एक शब्द कमी नाही आणि जास्त नाही.

पंढरी म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता म्हणून बोलतो. पर कामून?" मी म्हटलं, देशाचं काम आहे. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

शेजारच्या पंचशीलाताई झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी निवेदन पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मला जमणार नाही. माझं नाव पंचशीला आणि मी खोटं बोलत फिरू?" मी म्हटलं, मग निदान गप्प बसा. त्या म्हणाल्या, बघते.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी सकाळी केवळाने मला लोणच्याची बरणी देऊन लातूरला पिटाळलं. पोरगी उद्या घरी येणारच आहे, तेव्हा नेईल, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मुरलेलं लोणचं थांबत न्हाई." स्वयंपाकघरातलं मला फारसं कळत नाही.

क्लासमध्ये आरतीचा तास चालू होता. तेवढ्यात भौतिकशास्त्राचा एक मास्तर आला, "शरणार्थ काका" असा आमच्यातला नमस्कार करून पाया पडला, चहा मागवला. नाव संगमेश्वर, धर्माबादचा. बूट धुळीने भरलेले. मला बरा वाटला. मी त्याला उत्तर कोरियाबद्दल सविस्तर सांगितलं, शेडच्या सावलीवरून उंची कशी काढतात ते दाखवलं. भौतिकशास्त्राचा माणूस असून त्याने एकदाही मला दुरुस्त केलं नाही. डेपोचा फोटो दाखवला तर म्हणाला, "काका, डेपोच आहे हा." आरती वर्गातून बाहेर आली आणि आम्हाला असं बसलेलं बघून दारातच थांबली. लातूरच्या पोरांमध्ये मोठ्यांबद्दल आदर टिकून आहे हे बघून समाधान वाटलं.

संध्याकाळी घरी आलो. ओट्यावर तीन कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या. कढईत उरलेला मुरमुऱ्यांचा सुशीला. केवळा काठपदराच्या साडीत. "कोण आलतं?" विचारलं. "विमावाला." विमावाल्यासाठी फोडणीचे मुरमुरे कोण करतं? विचारणार होतो, तेवढ्यात मला सलग शिंका आल्या.

म्हणजे ते घरात शिरून गेले. केवळाला यातलं काही सांगून घाबरवायला नको. कोचाखाली, फोटोमागे, देवघरात सगळीकडे तपासलं, यंत्र वगैरे काही सापडलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आरती आज अचानक, सुट्टी नसताना आली. डोळे सुजलेले. जेवली नाही. केवळा माझ्याशी बोलत नाही, ताट वाढते आणि निघून जाते. शेवटी एवढंच म्हणाली, "गावात तुमच्याबद्दल कोणी कायबाय सांगून राहिलंय. मालूम हाय का काही?"

म्हणजे योजना लागू पडली! पण गुप्तता महत्त्वाची. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

आरतीने विचारलं, "पप्पा, लोक म्हणत असतील की तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय, तर तुम्हाला काय वाटेल?"

"अभिमान वाटेल," मी खरं ते सांगितलं.

ती रडायला लागली. मी पाणी आणून दिलं. क्लासमध्ये कोणी काही बोललं असेल. असं काही झालं तर त्या संगमेश्वरला सांगत जा, चांगला मुलगा आहे, असं मी समजावलं. तर आणखीच रडली.

३० जानेवारी, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

बाजाराचा दिवस. दुपारी पंढरीचा फोन आला, "साहेब, त्यो सफारीवाला आलाय. बाकड्यावर बसून च्या पिऊन राहिला." मी तसाच गेलो. नियंत्रकाच्या खोलीत माझ्या जागी आलेला पोऱ्या जेवायला गेला होता, खोली उघडी होती. मी त्या माणसाला म्हटलं, जरा आत या. तो निमूट आला, हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "शरणार्थ," म्हणाला. अभ्यास पक्का होता. मी दार लावलं, माझ्या जुन्या खुर्चीवर बसलो आणि कोपर टेबलावर टेकवलं.

"नाव?"

"चंद्रप्पा."

"खरं नाव सांगा."

"आवो, खरंच चंद्रप्पा. धर्माबादला मिरचीची आडत हाय माझी."

"कुणासाठी काम करून राहिले?"

"पुतण्यासाठी."

"पुतण्याचं टोपणनाव?"

"टोपणनाव न्हाई जी. संगमेश्वर म्हणत्यात."

"आमच्या गावात माहिती कुणाची काढत होता?"

"तुमचीच की."

"कबूल करता?"

"हाव. त्यात लपवायचं काय? तुम्ही न्हाई काढली कधी कुणाची?"

मी पिशवी उलटी केली. लाल तिखटाचा पुडा फुटला. आम्ही दोघंही शिंकलो, डोळ्यांतून पाणी. आणि त्या तिखटात एक फोटो पडला होता. आमच्या आरतीचा. हिरवी साडी, मागे आमचीच तुळस.

"ही कोण?" मी ओरडलो.

"आमची सून व्हणार व्हती," चंद्रप्पा डोळे पुसत म्हणाला. "संगमेश्वर आन ती एका क्लासात हायत. त्यानं सोता सांगितलं, काका, हीच. तुमच्या घरच्या बाईला भेटलो, लई चांगली वाटली. सुशीला तर काय सांगावं. पर गाव म्हणतंय बाप येडा हाय, घर इकून तिथंच भाड्यानं राहतो. न्हाव्यानं तेच सांगितलं, च्यावाल्यानं तेच. आज तुम्ही सोता दाखवलं. फोटो परत द्यायला आलतो."

बाहेर काहीच आवाज येत नव्हता. बाजाराच्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर इतकी शांतता मी नोकरीत कधी ऐकली नाही. खाली बघितलं. माझं कोपर गाड्या पुकारायच्या माईकच्या बटणावर होतं.

दार उघडून केवळा आली. हातात मेथीच्या जुड्या. भाजी घेताना तिने कर्ण्यावरून सगळं ऐकलं होतं, तिनेच काय, अख्ख्या बाजाराने ऐकलं होतं. मला वाटलं आता माझी खैर नाही. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. चंद्रप्पाला म्हणाली, "पाव्हणं, हे येडे न्हाईत. जवळचं दिसत न्हाई यांला, एवढंच. पोरीनं चारदा तोंड उघडलं, चारदा यांनी कुणाच्या माठाचं नि बुटाचं काढलं. म्हणून मीच म्हणलं, आधी तुम्ही येऊन बघून जा, मग यांला सांगू. चूक माझी हाय."

चंद्रप्पा उठला. पिशवी झटकली आणि बाहेर गेला. फोटो टेबलावरच राहिला.

३१ जानेवारी, शुक्रवार

आरती सकाळच्या गाडीने लातूरला गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो. सगळे माझ्याकडे बघत होते, बघू देत. गाडीत चढताना ती म्हणाली, "पप्पा, कोरियाबद्दल तुम्ही मला रोज फोन करून सांगायचात. मला काय पाहिजे ते एकदा विचारायचं होतं."

गाडी सुटली तरी मी तिथेच उभा होतो. मला फार वाईट वाटतं आहे. यापेक्षा नीट शब्द सापडत नाही.

नंतर बालाजीला आणि पंढरीला सांगितलं की आता कोणीही विचारलं तर खरं सांगायचं. पंढरी म्हणाला, "साहेब, आता कोण येणार हाय विचारायला?"

लॅपटॉप कपाटात ठेवून दिला.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी फोन आला. "शरणार्थ. चंद्रप्पा बोलून राहिलो." मी उठून उभा राहिलो, का ते माहीत नाही.

तो म्हणाला, "त्या दिवशी गाडीत बसायच्या आधी तुमच्या शेजारणीकडं गेलतो. मास्तरीण बाई. म्हणल्या, भाऊंनी मला एक सांगायला लावलं व्हतं, ते खोटं हाय, म्हणून मी सांगत न्हाई. बाकी काय बी विचारा. मी म्हणलं, मग न्हावी नि च्यावाला कामून खोटं बोलले? त्या म्हणल्या, भाऊ बोलले म्हणून. त्यांच्यासाठी हे लोक काय बी बोलतील. समदी नोकरी भाऊंनी कुणाची गाडी चुकू दिली न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो पुढे म्हणाला,

"वैजनाथराव, मी बी लई चौकश्या केल्या. लोक चांगलं सांगत्यात ते एक तर नात्यातले, न्हाई तर मिंधे. पर एका शब्दाखातर दोन माणसं सोताच्या तोंडानं तुम्हाला येडं म्हणत्यात, आन ते बी एक अक्षर न चुकता, असं मी पहिल्यांदा बघितलं. घर मला पसंत हाय. आता पाळी तुमची. नियमानं या, आमचं घर बघा, मग काय ते सांगा."

केवळाला सांगितलं. ती सरळ देवघरात गेली. मग तिथूनच ओरडली, "बुटं बघू नका तिथं कुणाची!"

९ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या गाडीने निघालो, नायगावला गाडी बदलली. धर्माबादेत उतरल्यापासून शिंका. सगळीकडे मिरची, रस्त्यावर मिरची, गोण्यांत मिरची, हवेत मिरची. रासायनिक प्रकरणाचा उलगडा झाला.

पद्धतीप्रमाणे आधी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारलं, "चंद्रप्पा आडतवाले कसे आहेत?"

तो पातेल्यात बघत म्हणाला, "चंद्रप्पा? हाव, राहत व्हते. आता डोक्यावर परिणाम झालाय. घर इकलं. कुणाला वळखत न्हाईत. त्यांच्या नादी लागू नका."

पानवाल्याला विचारलं. त्यानेही तेच, एक शब्द कमी नाही आणि जास्त नाही. न्हाव्याकडे सगळ्यात शेवटी गेलो. तो 'घर इकलं' पर्यंत आला आणि त्याला हसू आवरेना, "अन्ना, पुढचं इसरलो," म्हणाला. मीही हसलो. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीमुळेही असेल.

चंद्रप्पा दारातच उभा होता. "कसं काय, काय म्हणतंय गाव?" मी म्हटलं, "माणूस येडा दिसतोय." त्याने मिठी मारली. पाणी गोड होतं, ओगराळं होतं, बूट बघितले नाहीत.

नियमाप्रमाणे घर दाखवताना त्याच्या बायकोने गच्चीवर नेलं. अर्ध्या गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या. आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, कोपऱ्यात, निळी प्लास्टिकची खुर्ची. थेट आमच्यासारखी.

"ही इथं कशाला?" मी विचारलं.

"आवो, संगमेश्वरची. दर रईवारी तिथं बसून फोनवर बोलत राहतो. मला वाटायचं पोरांला शिकवून राहिला. उन्हात कामून बसतोस म्हणलं, तर म्हणतो रेंज इथंच येती."

मी त्या खुर्चीवर जरा वेळ बसलो. तिथून दिसत काहीच नाही, टाकीचा पाईप आणि शेजारचं लिंबाचं झाड. खाली येऊन होकार दिला.

येताना गाडीत मार्टिनला कळवलं की मुलीचं लग्न ठरलं, आठवडाभर का गायब होतो तेही सांगितलं. तो म्हणाला, तारीख कळवा, त्या दिवसाचा तुमच्या गावाचा फोटो शोधतो, मांडव दिसतो का बघू. डेपोबद्दल मात्र तो अजून ऐकत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आरती दारातच उभी. "पप्पा, काय काय बघितलं?"

"खुर्ची," मी म्हटलं.

ती लाल झाली, हसली, मग माझ्या खांद्याला डोकं टेकवून कितीतरी वेळ तशीच राहिली. केवळाने आतून विचारलं, "बुटं?" मी म्हटलं, नाही बघितले.

दिवाबत्ती झाल्यावर सवयीने गच्चीवर गेलो. आमची खुर्ची टाकीपाशीच होती. उतरवून आणली नाही. फडक्याने पुसली आणि दुपारी आमच्या परसातल्या लिंबाच्या सावलीत येईल अशी थोडी सरकवून ठेवली.